लाली लपवणारी गोळी

आमच्या पूताय गावात, समुद्राकाठी, जेवणावळ असली, की शेवटून दुसरा पदार्थ टेबलावर गेल्यावर आचाऱ्याला बाहेर बोलावतात. रस्त्यातच मांडव घातलेला असतो, गोल टेबलं मांडलेली असतात, आणि यजमान आचाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला टेबलाटेबलाला फिरवतो. दर टेबलाला एक पेला काओल्यांग. ज्वारीची दारू ती, काडी लावली तर पेटते. पेला अंगठ्याएवढाच, पण तीस टेबलं असली की तीस अंगठे झाले. नाही म्हणायची सोय नाही. आचारी प्यायला नाही, तर त्याला स्वतःच्याच जेवणाची खात्री नाही म्हणतात. ही रीत कोणी काढली देव जाणे. ज्यानं काढली तो आचारी नव्हता एवढं मी लिहून देते.

माझा नवरा थ्यान-लाय अशी एकतीस वर्षं टेबलं फिरला. मी मागे असायचे, भांडी, बर्फ, कालवं सोलणाऱ्या बायका आणि त्यांची भांडणं, सगळं माझ्याकडे. लग्न झालं तेव्हा मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पहिला पेला पोटात गेला, की ह्या माणसाचं तोंड लालबुंद व्हायचं. आधी कान, मग मान, मग डोळ्यांतलं पांढरंसुद्धा. लोकांना त्याचं कौतुक. लाल होणारा माणूस मनाचा खरा, रक्त चांगलं खेळतंय, पीत राहा, सवय होईल, असं म्हणायचे. आणि हा सहाव्या टेबलानंतर मागे येऊन बर्फाच्या पोत्यावर बसायचा, छातीवर हात ठेवून. मी हात लावून पाहायचे तर आत नुसती धडधड.

एकदा एका हेडमास्तरांच्या घरची जेवणावळ होती. चारच पेले झाले होते. यजमानीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आचारी झिंगलाय, आता गोड कोण वाढणार?" थ्यान-लाय झिंगला नव्हता. त्याला नुसतं तोंड लपवता येत नव्हतं. घरी येऊन दोन दिवस तो माझ्याशीसुद्धा बोलला नाही. माझ्या माणसाला कोणी चारचौघांत कमी लेखलेलं मला खपत नाही, आधीपासूनच नाही. मी उठले आणि शेजारच्या गावातल्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. पोटात जळजळ होते त्यावरची साधी गोळी त्यानं दिली. म्हणाला, पिण्याआधी अर्धा तास द्या, तोंड लाल होत नाही, बरेचजण नेतात.

आणि खरंच झालं नाही. पुढच्या जेवणावळीला तो बावीस टेबलं फिरून आला, तोंड जसंच्या तसं. दोन-चार वर्षांत लोक त्याचं लाल तोंड विसरूनही गेले. मला काय आनंद झाला होता. मला वाटलं, दारूतलं जे काय वाईट असतं ते ही गोळी मारून टाकते. मग बावीस वर्षं माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात ती पट्टी. वाफेच्या डब्यात मासा गेला की मी हाक मारायची, "म्हातारबा, तोंड उघड." तेव्हा तो म्हातारा नव्हता, पण आमच्याकडे नवऱ्याला लाडानं तसं म्हणतात. तो हात न लावता तोंड उघडायचा, कारण हाताला मसाला असायचा. मी गोळी जिभेवर ठेवायची. असं आमचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशाखाली चिकट भात अडकायला लागला. मग मऊ भात अडकला. मग पेज. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आठ तास ऑपरेशन चाललं, नलिका काढली, पोट वर ओढून गळ्याशी जोडलं. माणूस वाचला. पण आता तो वाटीभर खातो, बसूनच झोपतो, आणि आवाज गेला. नुसती कुजबुज येते, तीही मलाच कळते. कोणी काही विचारलं की तो माझ्या कानात सांगतो आणि मी मोठ्यानं सांगते. मधे मधे माझं घालते. तो चिमटा काढतो, तेव्हा लोकांना कळतं की मी जास्तीचं बोलले.

आता हे सगळं सांगायचं कारण, खू काकांच्या नातवाचं लग्न.

खू काका आमच्या देवळाच्या मंडळाचे मुख्य. थ्यान-लायला पहिली जेवणावळ त्यांनीच दिली होती, तो चोवीस वर्षांचा पोरगा असताना. आता आमच्या बो-लिनला, आमच्या मुलाला, त्यांनी नातवाच्या लग्नाचं जेवण दिलं. अठ्ठावीस टेबलं. बो-लिन एकतीस वर्षांचा आहे, आणि बापाशिवाय एकट्याच्या नावावर त्याची ही पहिलीच मोठी जेवणावळ.

लग्नाच्या चार दिवस आधी म्हाताऱ्याची तपासणी होती. आत नळी घालून पाहिलं, सगळं स्वच्छ म्हणाले. तो पडद्यामागे कपडे बदलत होता आणि मी बाहेर नर्सबरोबर कागद भरत बसले होते. ल्यान तिचं नाव. मला मुलगी असती तर तिच्याच वयाची असती.

"मावशी, काका सुपारी खायचे?"

"कधीच नाही. दात बघ त्याचे."

"सिगरेट?"

"मुलगा झाला तेव्हा सोडायला लावली."

"दारू?"

मी टेबलांची गोष्ट सांगितली. तिनं लिहून घेतलं. मग विचारलं, "पिताना तोंड लाल व्हायचं का?"

मी चांगली ताठ बसले. "आधी व्हायचं. मी बंद केलं."

"बंद केलं म्हणजे?"

मी सांगितलं. कुठली गोळी, किती आधी, सगळं. तिला एखादा पदार्थ शिकवावा तसं सांगितलं.

तिनं पेन खाली ठेवलं. पोरीनं आवाज चढवला नाही, ते बरंच केलं. म्हणाली, दारू पोटात गेली की शरीरात तिचं आधी एक विष होतं, आणि मग दुसरं काहीतरी ते विष फोडून टाकतं. आपल्याकडच्या जवळजवळ निम्म्या लोकांत हे दुसरं काम नीट होतच नाही, जन्मापासूनच. विष तसंच राहतं, म्हणून तोंड लाल होतं, छाती धडधडते. युरोपच्या लोकांत असं जवळपास कोणाचंच नसतं.

मला एकदम आठवलं. मागच्या वर्षी एका लग्नात पोलंडचा जावई होता. सगळ्या काकांनी मिळून त्याला पाजलं, काका एकेक करून खाली बसले आणि तो टोफूसारखा पांढरा, हसत उभा. बायका म्हणाल्या, थंड रक्ताचा आहे, ह्याला माया नसणार. मी ते ल्यानला सांगितलं. ती जराशी हसली.

"दारूनं त्यांनाही कर्करोग होतो, मावशी. तेही काही सुटलेले नाहीत. पण तोच एक पेला लाल होणाऱ्या माणसाच्या अन्ननलिकेला फार जास्त जाळतो. काही जणांना इतका त्रास होतो की ते पीतच नाहीत, ते वाचतात. सगळ्यात वाईट, जे लाल होतात आणि तरी प्यायला शिकतात त्यांचं."

"पण गोळीनं तर..."

"गोळीनं लाली जाते. विष तिथंच राहतं. उलट माणूस जास्त पिऊ शकतो."

मी भरलेला कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही काही वाईट मनानं दिली नव्हती." ते ऐकून मला जास्तच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट भांडले तरी असते.

मग तिनं विचारलं, "मुलगा लाल होतो का?"

"नाही," मी म्हणाले. आणि तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. मुलगा लाल होत नव्हता, कारण गेलं वर्षभर, तो छोट्या जेवणावळींना टेबलं फिरायला लागल्यापासून, मी त्यालाही गोळी देत होते, पोटाला बरी म्हणून.

बसमध्ये म्हाताऱ्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी खिडकीबाहेर मिठागरं बघत बसले. जन्मभर बघितलेली मिठागरं.

घरी आल्यावर बो-लिनला गाठलं. तो मागे हौदापाशी मासे निवडत होता.

"शनिवारी पिऊ नकोस," मी म्हटलं.

"कुठे?"

"टेबलांवर. एकही पेला नाही."

तो हसला. "आई, तू आजारी आहेस का? खू काकांच्या टेबलांना नाही म्हणू?"

"डॉक्टर म्हणाले, घराण्यात असू शकतं."

"बरं. मग कमी पितो. अर्धा पेला."

"अर्धा नाही. काहीच नाही."

"का पण?" त्यानं हात धुतले आणि माझ्याकडे वळला. "बाबा एकतीस वर्षं प्यायले, त्यांचं तोंडसुद्धा कधी लाल झालं नाही. सगळा किनारा सांगतो. मी पहिल्याच मोठ्या कामाला चहाचा पेला घेऊन फिरू? उद्या देवळाची जेवणावळ मला देतील का ते? नीट कारण तरी सांग."

नीट कारण माझ्यापाशी होतं. बाबा लाल होत होते, मी ते लपवलं, म्हणून ते पीत राहिले, म्हणून त्यांचा गळा गेला. एवढं सांगितलं असतं तर पोरगं थांबलं असतं. पण ते त्याच्यापर्यंत गेलं की घरात गेलं, आणि घरात गेलं की म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. त्याचा गळा मी खाल्ला, हे त्याला कळलेलं मला सहन होणार नव्हतं. बावीस वर्षं त्यानं विश्वासानं तोंड उघडलं होतं. मी "मी सांगते म्हणून" एवढंच म्हटलं आणि कांदा चिरायला निघून गेले. चिरायला कांदा होता हे बरं झालं.

घरातल्या सगळ्या गोळ्या मात्र मी फेकून दिल्या. वाटलं, लाल झाला की आपोआप थांबेल. तेवढाच माझा पराक्रम.

शनिवारी सकाळपासून ऊन होतं. जेवण झकास झालं, हे मी आई म्हणून सांगत नाही. खेकड्याचा भात मोकळा उतरला होता, मासा काट्यापासून अलगद सुटत होता. म्हाताऱ्याला मी मागे चुलींपाशी खुर्ची दिली होती. तो प्रत्येक ताटाचा वास घेऊन मान डोलवत होता, चव घ्यायची नाही म्हणून.

साडेबाराला बो-लिन आला. "आई, गोळी."

"संपल्या."

"संपल्या? आज?"

"आज."

तेवढ्यात खू काका आले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि घेऊन गेले. कोंबडीचं सूप टेबलांवर जात होतं. मी झारा हातात तसाच धरून मांडवाच्या कापडाच्या फटीतून बघत राहिले.

पहिलं टेबल खू काकांच्या घरच्यांचंच. बो-लिननं पेला उचलला, रिकामा केला. मी मनात आकडे मोजायला लागले. वीसपर्यंत गेले नाही तोच कान लाल झाले. मग मान. मग सगळं तोंड. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या मुलाचं ते तोंड पाहिलं, आणि तो हुबेहूब बर्फाच्या पोत्यावर बसलेला माझा नवरा होता.

टेबलावर हशा झाला. खू काका वाईट माणूस नाहीत, पण त्यांना मोठ्यानं बोलायची सवय. म्हणाले, "अरे बो-लिन, हे काय? तुझा बाप अख्खा मांडव पिऊन यायचा, रंग हलायचा नाही त्याचा. तू पहिल्याच टेबलाला लाजरी नवरी झालास? घे, दुसरा घे. सवय कर. नाहीतर म्हणतील, थ्यान-लायचा मुलगा हा नव्हेच."

बो-लिननं दुसरा पेला पुढे केला. काका भरू लागले.

कोणीतरी माझी बाही ओढली. म्हातारा उठून आला होता. मला धरून तो मांडवात निघाला, मी झाऱ्यासकट त्याच्यामागे. तो टेबलाशी पोचला तसे लोक उठून उभे राहिले, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांनी त्याला पाहिलं नव्हतं. त्यानं मुलाच्या हातातल्या पेल्यावर तळवा ठेवला. मग माझ्या कानाशी वाकला.

"सांग ह्यांना, मीही असाच लाल व्हायचो. गोळी खाऊन लपवायचो. लपवत राहिलो म्हणून गळा गेला. सांग."

मी त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. दवाखान्यातला पडदा तो केवढा, कापडाचा. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि चार दिवस गप्प बसला होता, मी कधी बोलते ह्याची वाट बघत. आणि मी बोलले नाही तर ते स्वतःच्या अंगावर घ्यायचं, हेही त्यानं ठरवलं होतं.

"काय म्हणतोय?" खू काकांनी विचारलं.

मी बोलले. आवाज कापत होता, पण माझा कापरा आवाजही पाच टेबलं ऐकतात. "तो म्हणतोय, तोही असाच लाल व्हायचा. पहिल्या पेल्याला. आणि म्हणतोय, गोळी खाऊन त्यानं ते लपवलं, म्हणून गळा गेला." इथं मला थांबता आलं असतं. त्यानं तेवढंच सांगायला सांगितलं होतं. "पण ते खोटं आहे. गोळी तो खात नव्हता, मी घालत होते. बावीस वर्षं. मला वाटायचं, मी त्याची काळजी घेतेय. दवाखान्यात सांगितलं, लाल होणाऱ्यानं प्यायचंच नसतं, आणि लाली दाबून प्यायलं तर गळा जळतो ते कळतसुद्धा नाही. त्याचा गळा मी घालवला. ह्याचा घालवणार नाही. ह्यालाही वर्षभर मीच दिली, ती आज दिली नाही, म्हणून हा असा दिसतोय. हाच थ्यान-लायचा मुलगा आहे, काका. नीट बघा. थ्यान-लाय असाच दिसतो."

पलीकडच्या टेबलावरून एकजण "मग आता आचारी पिणार नाही की काय?" म्हणाला, त्याला त्याच्या बायकोनं खाली बसवलं. बो-लिन माझ्याकडे बघत होता. रागावलाय की रडतोय हे त्या लाल तोंडावर कळत नव्हतं. त्यानं पेला टेबलावर ठेवला.

खू काकांनी त्या पेल्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या मुलाकडे, म्हणजे नवऱ्यामुलाच्या बापाकडे. त्यानं सकाळपासून किती घेतली होती कोणास ठाऊक, आणि तोंड अगदी कोरं होतं. त्याची बायको, काकांची सून, एकदम हातातल्या रुमालाच्या घड्या घालायला लागली.

"तूही देतेस?" काकांनी तिला विचारलं.

तिनं रुमाल मुठीत लपवला. काकांनी बाटलीला झाकण लावलं. मग कोणावर तरी रागावल्यासारखे म्हणाले, "बघता काय? आचाऱ्याला पेरूचा रस द्या. आणि ह्या गाढवालाही." गाढव म्हणजे त्यांचा मुलगा, बावन्न वर्षांचा.

बो-लिन पेरूचा रस घेऊन सत्तावीस टेबलं फिरला. काही ठिकाणी हसले. दोन ठिकाणी पाठ फिरवली. देवळाची जेवणावळ आम्हाला मिळेल की नाही, हे अजून कळलेलं नाही, आणि नाही मिळाली तर नाही.

मी तिथंच उभी होते, झारा हातात. म्हाताऱ्याकडे बघायची छाती होत नव्हती. त्यानं माझा दंड धरला आणि पुन्हा कानाशी वाकला. ऑपरेशननंतर तो इतकं लांब एका दमात बोलला नव्हता.

"मूर्ख बाई. मला काय कळत नव्हतं? छाती तर माझीच धडधडायची ना, गोळी घेऊनसुद्धा. मी थांबू शकलो असतो. मला फिरायला आवडायचं. सगळी चूक एकटीनं घेऊन बसू नकोस. अर्धी माझी आहे, ती मला दे."

"काय म्हणाला?" खू काकांनी लगेच विचारलं. आख्खं टेबल माझ्याकडे बघत होतं.

मी डोळे पुसले. त्याचं सगळं बोलणं आजवर मी लोकांना सांगत आले होते, पण हे सांगितलं नाही.

"सूप गार होतंय म्हणाला," मी म्हटलं. "जेवा आता."